एकांतवासीचे सात वार

मोहनराव जोगदेवांनी ती बातमी पोह्यांवर ओले खोबरे पेरता पेरता सांगितली.

"एप्रिलपासून ऑक्टोबरअखेर मी मठीवर राहायला जातोय," ते म्हणाले. "ट्रस्टचं काल कळलं. निवड झाली."

शुभाताईंनी हातातला लिंबाचा काप बशीच्या कडेला ठेवला. "निवड व्हायची तर आधी अर्ज करावा लागत असेल."

"लागतो."

"कधी केलात?"

"नोव्हेंबरात."

"म्हणजे फराळाला सगळी मंडळी इथे जमली होती, तेव्हा तुमचा अर्ज जाऊन पडला होता."

"नाही. फराळाच्या पुढच्या आठवड्यात केला," मोहनराव म्हणाले. आयुष्यभर पंपांचे आराखडे काढलेला हा माणूस. स्वतःविरुद्धच्या आरोपातही त्यांना चूक राहू द्यायला आवडत नसे.

मठी हे नाव त्यांनीच ठेवलेले. स्टेट कॉलेजपासून गाडीने पाऊण तासावर, एका लांबट डोंगराच्या कुशीत, ओक आणि मेपलच्या रानात एक दगडी चॅपल उभे होते: वीसेक माणसे दाटीवाटीने बसतील एवढे प्रार्थनाघर, शेजारी एका खोलीची कुटी आणि दोघांच्या मधून वाहणारा झरा. यातला झरा तेवढा पेनसिल्व्हेनियाचा. बाकी सारे फ्रान्समधल्या मोर्वां नावाच्या मुलखातून आलेले होते. पहिल्या महायुद्धानंतर इथला एक लाकडाचा व्यापारी त्या मुलखात फिरायला गेला. ग्रॅनाइटच्या टेकड्या, दाट झाडी, बाराही महिने धुके आणि पावसाळी ओढे असा तो प्रदेश. जुन्या काळी तिथल्या रानांत संसार सोडलेली माणसे एकेकटी राहत. जिथे पाणी असेल तिथे ती कुटी बांधत; मग आसपासचे लाकूडतोडे आणि कोळसा पाडणारे लोक तिथे येऊ लागत, आणि पिढी-दोन पिढ्यांत कुटीशेजारी एखादे चॅपल उभे राही. व्यापाऱ्याला दिसले ते चॅपल छप्पर कोसळलेले होते, आत मेंढ्या बांधलेल्या होत्या. त्याने ते कुटीसकट गावाकडून विकत घेतले, प्रत्येक दगडावर खूण करून जहाजात घातले आणि आपल्या रानात जसेच्या तसे पुन्हा उभे केले. मरताना त्याने एक ट्रस्ट करून अट घालून ठेवली. दरवर्षी उन्हाळ्याचे सहा-सात महिने तिथे कोणीतरी एकट्याने राहावे. चॅपलच्या दाराला कुलूप नसावे. संध्याकाळी घंटा वाजवावी, आणि वाट चुकून येणाऱ्याला पाणी आणि बसायला जागा द्यावी.

निवृत्त झाल्यावर मोहनराव तिथे एका भिंतीची भेग बघायला म्हणून गेले होते. कोणीतरी चुन्याऐवजी सिमेंटने दगडांमधल्या दरजा भरल्या होत्या, पाणी आत कोंडत होते आणि थंडीत त्याचे बर्फ होऊन दगडांचे पापुद्रे सुटत होते. ते सिमेंट छिन्नीने कोरून काढून तिथे चुना भरण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, आणि त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक शनिवार मठीचा झाला. फ्रान्सच्या भूमीवर त्यांचे पाऊल कधी पडले नव्हते. तरी मोर्वांतल्या कोणत्या रानात कोणता एकांतवासी राहिला, कोण आधी सैनिक होता, कोण विधुर होता, कोणाला गावाने हाकलले होते आणि पुढे त्याच गावाने कोणाला पुरायला जागा दिली, हे त्यांना तोंडपाठ होते. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणांत ते 'मोर्वां' म्हणाले की समोरच्याला मुलांची आठवण होई आणि तो उठून जाई. शुभाताई हसून सांगत, "इतरांच्या सवती हाडामांसाच्या असतात, माझी ग्रॅनाइटची आहे."

त्या दिवशी मात्र त्यांना हसू आले नाही. मोहनराव जाणार हे दुःख नव्हते. आपल्याला विचारले नाही, हे होते. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नोकरी बदलताना, देश सोडताना, घर घेताना, मुलीचे, रेणूचे, कॉलेज ठरवताना मोहनरावांनी त्यांना विचारले होते. शुभाताई दरवेळी हो म्हणाल्या होत्या हे खरे. पण हो म्हणणे वेगळे आणि न विचारले जाणे वेगळे. आपल्या घराचा पाया या एका सवयीवर आहे, असे त्यांनी मनोमन धरले होते. आता तो पाया होता की आपणच तसे समजत होतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे येऊन बसला.

त्यांनी प्लेनोला राहणाऱ्या रेणूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, सीरियसली?" रेणू म्हणाली. ती बहुधा गाडी चालवत होती. "सहा महिने? विथ दॅट नी?"

"सात," मोहनरावांनी सुधारले. "गुडघ्याला चढ चांगला असतो. उतार वाईट."

"आई, तू चिडू नको हं. लोक हल्ली असं करतात. इट्स अ रेसिडेन्सी, डिव्होर्स नाहीये."

"डिव्होर्सला सही लागते दोघांची," शुभाताई म्हणाल्या. "याला एकाचीच पुरली."

मग रेणूने विचारले, "तू पण जा ना मग? वानप्रस्थात बायको पण जाते ना?"

"जाते. तिला न्यायचं की मुलांकडे सोपवायचं, ते नवऱ्यानं ठरवायचं असतं, असं शास्त्र आहे," शुभाताई म्हणाल्या. "यांनी तेवढंही ठरवलं नाही."

"खाट एकच आहे," मोहनराव म्हणाले. "आणि अट एकट्यानं राहण्याची आहे. मी काय करू?"

"काही करू नका. पोहे गार होतायत."

एप्रिलमध्ये शुभाताईंनीच त्यांना मठीवर नेऊन सोडले. सामान फार नव्हते: तांदूळ, मुगाची डाळ, छोटा कुकर, दोन ब्लँकेट, चुन्याची पोती आणि थापी. झाडांना अजून पाने फुटली नव्हती. चॅपल त्यांनी पूर्वीही पाहिले होते, पण तेव्हा त्या नवऱ्याची वाट पाहत गाडीतच बसून असत. आता सामान आत जाईपर्यंत त्या वाटेवरचा माहितीफलक वाचत उभ्या राहिल्या. त्यावर लिहिले होते की मोर्वांतल्या त्या एकांतवासीला सात वाड्या पाळीपाळीने अन्न पोचवत. प्रत्येक वाडीचा एक वार ठरलेला असे. गावकऱ्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. ते त्याला नुसते 'पेअर', म्हणजे बाबा, म्हणत.

शुभाताईंच्या आजोबांनी सोलापुरात वार लावून शिक्षण केले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यामुळे फ्रान्समधली ती गोष्ट वाचताना त्यांना परक्या देशातले काही वाचल्यासारखे वाटले नाही.

"बरं, निघते मी," त्या म्हणाल्या.

मोहनराव दारात उभे होते. "जपून जा. खालच्या वळणावर खडी सुटलीय."

दोघांनाही आणखी काही बोलायचे असावे, पण आधी कोणी बोलायचे ते ठरेना, आणि गाडी सुरू झाली.

पहिले काही दिवस शुभाताईंनी घर आवरले. दुसऱ्या आठवड्यात आश्लेषा आली. ही पुण्याची मुलगी, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. तिखट-मसाला मागायला येई आणि जेवून जाई.

"काकू, काका तिकडे खातात काय?"

"खिचडी. सकाळी गरम, संध्याकाळी गार."

"रोज? अहो, बीपी आहे ना त्यांना? लोणचं-पापडावर जगत असतील."

तो फलक शुभाताईंच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यांनी तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकले. स्टेट कॉलेजातली मराठी घरे ती किती. भारतीय दुकान एक, तेही निम्मे रिकामे. पण एकमेकांसाठी धावायला ही माणसे पुढे असत. संध्याकाळपर्यंत सात घरे ठरली, व्हॉट्सअ‍ॅपवर 'काकांचे वार' नावाचा ग्रुप झाला आणि शुभाताईंनी प्रत्येक घरी आपल्या हातच्या गोड्या मसाल्याची एकेक बरणी पोचवली. सूचना एकच: मीठ बेताचे.

सात वार सात घरांना गेले. शुभाताईंनी स्वतःसाठी एकही ठेवला नाही. आश्लेषाने विचारलेही, "तुमचा कुठला, काकू?"

"मला कोणी बोलावलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि बरणीचे झाकण घट्ट केले.

यात राग होता, तसा त्यांचा स्वतःपुरता न्यायही होता. न विचारता गेलेल्या माणसाकडे न बोलावता जायचे नाही. मात्र तो उपाशी राहता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी व्यवस्था सापडली म्हणून त्या दिवशी त्यांना चांगली झोप लागली.

व्यवस्था फारच चांगली चालली. डबा नुसता ठेवून येणे मराठी माणसाला जमत नाही. सोमवारचे कुटुंब डबा देऊन तासभर बसू लागले. मंगळवारी निमिष नावाच्या तरुणाने व्हिसाच्या कागदांचा गुंता काकांपुढे मांडला. बुधवारी कोणाच्या तरी पाहुण्या आई-वडिलांना 'फ्रान्सचं देऊळ' दाखवायला नेले गेले. त्यांनी कंदी पेढे ठेवून नमस्कार केला. मुलांना घंटेची दोरी आवडली. दाराला कुलूप नव्हते, आणि आलेल्याला पाणी व बसायला जागा द्यायची अट होती, त्यामुळे मोहनराव सगळ्यांना पाणी देत आणि बसवून घेत.

बातम्या शुभाताईंकडे येत. केदार हा नागपूरचा, युनिव्हर्सिटीच्या आयटी विभागात कामाला. त्याचा वार गुरुवार. तो परतताना डबे द्यायला थांबे.

"काकू, टेन्शनच घेऊ नका. काका एकदम मस्त. मी गेलो तर भिंतीला चुना लावून राहिले होते. म्हटलं काका, करमते का इथे? तर म्हणे, करमायला वेळ कुठे मिळतो!"

"असं म्हणाले?"

"हो ना. हसून राहिले होते."

शुभाताई डबे घासायला घेत. काका मजेत आहेत, काका हसत होते, काकांनी दोनदा भाजी घेतली. प्रत्येक वाक्यासरशी त्यांचा हात घासणीवर जरा जास्त दाबला जाई. आपल्यावाचून माणूस मजेत आहे हे सात घरांकडून, आठवड्यातून सात वेळा ऐकून घेण्याची सोय आपणच करून ठेवली, हे त्यांच्या ध्यानात आले. पण आता ते मागे कसे घ्यायचे ते सुचेना.

जूनच्या मध्यावर ट्रस्टच्या मिसेस होस्टेटलर यांचा फोन आला. त्या त्याच खोऱ्यातल्या, वयाने शुभाताईंएवढ्या, बोलायला सरळ. दोन-चार वाक्ये हवापाण्याची झाली आणि मग त्या मुद्द्यावर आल्या. शांततेसाठी म्हणून चालत वर आलेल्या दोन बायकांना चॅपलमध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जाताना पाहून धक्का बसला होता. कुटीची सांडपाण्याची टाकी एका माणसाच्या हिशेबाने बांधलेली होती. चढावर गाड्या लावून रस्त्याची कड खचली होती. आणि मूळ अट एकांताची होती.

"तुमच्या नवऱ्याशी मी बोलले," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, एकांतवासीला अन्न आणून देणं हीच या जागेची जुनी रीत आहे, आणि मी कोणाला परत पाठवणार नाही. फार सभ्य गृहस्थ आहेत. पण महिन्याच्या शेवटी विश्वस्तांची बैठक आहे. तोवर हे थांबलं नाही तर आम्हाला त्यांचे आभार मानून त्यांना घरी पाठवावं लागेल. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

फोन ठेवून शुभाताई स्वयंपाकघरात आल्या.

काहीही करायचे नव्हते. तेच त्यात वाईट होते. भांडण नको, रडणे नको, 'परत या' म्हणणे नको. वार चालू राहिले की महिनाअखेर मोहनराव आपोआप घरी येणार होते, आणि दोष कोणाचाच नसता. मंडळाने प्रेमाने जेवू घातले, ट्रस्टने नियम पाळला, बायकोने फक्त मसाला दिला. मनातल्या मनात त्यांनी ही गोष्ट चहूबाजूंनी तपासली. तिला कुठेही भेग नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली मोहनरावांची बाजू आवरली. त्यांचे जाड स्वेटर गॅलरीत उन्हात टाकले. हे आपण जूनमध्ये का करतो आहोत, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर केदारचा मेसेज आला: 'चार जुलैला सुट्टी आहे. सगळ्यांनी मिळून काकांकडे पॉटलक करायचं का? ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा. ग्रिल मी आणतो.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. कोणीतरी लिहिले, 'काकूंना विचारा आधी.'

बैठक त्याआधीच होणार होती. त्यातून मोहनराव कसेबसे निभावले असते, तरी रानात ग्रिल पेटल्यावर निभावले नसते. आणि ही बेतांची चर्चा सुरू राहिली म्हणजे वार थांबायचे काही कारण उरत नव्हते. शुभाताईंनी चष्मा लावला. 'छान कल्पना,' असे लिहिले, आणि पाठवले.

दोन दिवसांनी दुपारी आश्लेषा रिकामी बरणी घेऊन आली. तिचा वार शनिवार. खुर्चीवर पाय वर घेऊन ती नेहमीसारखी बोलत राहिली. गाईडची कटकट, बस चुकल्याची गोष्ट. मग मध्येच थांबली.

"काकू, एक सांगू? हसू नका हं. शनिवारी मी रस्ता सोडून झऱ्याच्या बाजूनं वर गेले. त्यामुळे काकांना मी दिसलेच नाही आधी. ते पायरीवर बसले होते."

"मग?"

"मग काही नाही. तेच. काहीच करत नव्हते. म्हणजे पुस्तक नाही, थापी नाही, फोन नाही. नुसते बसले होते, झाडांकडे बघत. मी काकांना असं कधी पाहिलंच नव्हतं, यार. चेहराच वेगळा होता. मला परत फिरावंसं वाटलं. पण काडी मोडली पायाखाली, त्यांनी पाहिलं, आणि उठले लगेच. 'ये ये आश्लेषा, बस, पाणी देतो.' म्हणजे आपले नेहमीचे काका झाले परत." ती बरणीचे झाकण उघडझाप करू लागली. "मला उगीचच चोरी केल्यासारखं वाटलं."

शुभाताईंनी तिच्या हातातली बरणी काढून घेतली. ती भरावी म्हणून डबा उघडला आणि चमचा तसाच हातात राहिला.

रिकामे बसलेले मोहनराव त्यांनीही कधी पाहिले नव्हते. त्या आठवू लागल्या. गॅरेजमध्ये, बेसमेंटमध्ये, रेणूच्या सायकलीपाशी, आईच्या आजारपणात पुण्याला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, दरवेळी त्यांच्या हाताला काहीतरी होते. कोणी आले की ते उठत, कोणाला काही हवे असले की ते देत. घरातही त्यांना पाहणारे कोणीतरी कायम होतेच, आणि बहुतेक वेळा ते कोणीतरी म्हणजे शुभाताई होत्या. नवरा आपल्यापासून पळाला, असे त्यांनी तीन महिने मानले होते. तो कदाचित उठून उभे राहण्यापासून पळाला असेल. हे दोन एकच की वेगळे, ते त्यांना चटकन सांगता येईना. पण एकाच्या पायरीवर बसण्याच्या आड आपण सात घरे उभी केली आणि आता ग्रिलही पाठवतो आहोत, एवढे स्वच्छ दिसले.

"आज मसाला नको नेऊस," त्या म्हणाल्या.

"का? संपला?"

"वार संपले."

त्यांनी ग्रुपवर लिहिले की वार आजपासून बंद, पॉटलक होणार नाही. तुम्ही सगळ्यांनी फार केले, चूक माझी आहे. केदारचा लगेच फोन आला. "काकू, काही चुकलं का आमचं? मी उद्यासाठी वांगे आणून ठेवले ना."

"वांगी इकडे आण, मी भरून देते. तुम्ही खा घरी."

"पण काका?"

"काकांना खिचडी येते."

गुरुवारी सकाळी त्या एकट्याच निघाल्या. दारातून बाहेर पडताना हात मोकळे होते. कोणाकडेही जाताना असे मोकळ्या हाताने गेल्याचे त्यांना आठवत नव्हते. गाडी त्यांनी खाली मोठ्या रस्त्याला लावली आणि चालत वर गेल्या. पाने आता पूर्ण भरली होती, वाटेवर हिरवट उजेड होता. चॅपलच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या दरजा पांढऱ्या, नव्या दिसत होत्या. मोहनराव कुटीबाहेर शेगडीवरून कुकर उतरवत होते.

"तू?" ते म्हणाले. "आज केदारचा वार आहे."

"केदार येणार नाही. कोणीच येणार नाही. बंद केले मी." त्या पायरीवर टेकल्या. "पाणी द्या. अट आहे ना?"

त्यांनी झऱ्याचे पाणी तांब्याने आणून दिले आणि स्वतः थोडे अंतर ठेवून बसले. शुभाताईंनी पाणी पिऊन सांगायला सुरुवात केली. होस्टेटलरबाईंचा फोन सांगितला, बैठक सांगितली, 'छान कल्पना' सांगितले. सांगताना त्यांनी एकही गोष्ट वगळली नाही आणि एकीचेही कारण दिले नाही.

"म्हणजे मला घरी आणायला निघाली होतीस," मोहनराव म्हणाले.

"हो."

"आणि तुझ्या हातून काही झालंच नाही, असं दाखवून."

"तेही."

मोहनराव समोरच्या झाडांकडे पाहत राहिले. रागावले की ते गप्प होत, आणि विचारात असले तरी गप्पच होत. एवढ्या वर्षांनीही शुभाताईंना यातले एक दुसऱ्यापासून ओळखता येत नसे.

"तुम्हाला होस्टेटलरबाईंनी आधीच सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारले. "मग थांबवलं का नाहीत? तुम्हाला एकांत हवा होता."

"प्रत्येक डब्यात तुझा मसाला होता," मोहनराव म्हणाले. "पहिल्याच सोमवारी कळलं. आमटी त्यांची, पण फोडणीनंतरचा वास आपल्या घरचा. मला वाटलं, ही येत नाही, पण पाठवतेय. डबा परत केला असता तर तुलाच दारातून परत पाठवल्यासारखं झालं असतं. म्हटलं, त्यापेक्षा ट्रस्टनं काढलं तरी चालेल."

"आणि लोक येऊन डोकं खात होते ते?"

"खात होते." ते किंचित हसले. "निमिषच्या व्हिसाचं मला आता त्याच्यापेक्षा जास्त कळतं."

शुभाताईंना हसू आले आणि त्यांनी ते आवरले, कारण विचारायचे होते ते राहिले होते. "मला विचारलं का नाहीत?"

"तू दरवेळी हो म्हणालीस. अमेरिकेला, या घराला, सगळ्याला. या वेळी पहिल्यांदा मला वाटलं की तू नाही म्हणशील. आणि तू नाही म्हणाली असतीस तर मी आलो नसतो."

"नाहीच म्हणाले असते."

"माहीत होतं."

"म्हणजे घाबरून विचारलं नाही."

"हो. दुसरं काही कारण नव्हतं. मी शोधलं इथं बसून, चांगलंसं काहीतरी सापडतं का ते. नाही सापडलं."

वाऱ्याने एक फांदी हलली आणि पायरीवरचा उजेड सरकला. मोहनराव हळूहळू बोलू लागले. "मी इतकी वर्षं लोकांना सांगायचो, की हे एकांतवासी जग सोडून रानात गेले. इथं राहिल्यावर वेगळंच दिसतं. यांच्या कुट्या नेहमी वाटा जिथं मिळतात तिथं असायच्या. आत खोल कोणी नाही बांधली. म्हणजे त्यांना माणसं नकोशी नव्हती. एका जागी राहायचं, आणि तो तिथं आहे हे सगळ्यांना माहीत असायचं, एवढंच."

"तुम्ही कुठे आहात हे मला चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं," शुभाताई म्हणाल्या. "त्यासाठी रानात यायला नको होतं. तुम्हाला तुम्ही कुठे आहात ते माहीत नसेल, तर बसा शोधत. ऑक्टोबरपर्यंत बसा. त्याला माझी ना नाही."

"हे हो आहे का?"

"नाही. हो म्हणायची वेळ नोव्हेंबरात होती, ती गेली. मला अजून राग आहे आणि तो काही दिवस राहील. पण तुम्हाला फसवून घरी आणलं असतं तर मला तुमच्याशी बोलायला जागा राहिली नसती." त्या उठल्या आणि साडीला चिकटलेले गवत झटकले. "होस्टेटलरबाईंना मी आजच फोन करते. रस्त्याची कड नीट करायला केदार आणि निमिष येतील एका रविवारी. ते मी सांगेन त्यांना. डबे आणणार नाहीत."

कुकरची वाफ गेली होती. मोहनरावांनी झाकण काढले. खिचडी खाली लागली होती आणि वर पाणी सुटले होते. पंपांच्या दाबाची गणिते करणाऱ्या माणसाला कुकरचा दाब कधी साधला नव्हता. कुटीत ताटली एकच होती. ती त्यांनी शुभाताईंना दिली आणि स्वतः कुकरच्या झाकणात वाढून घेतले.

शुभाताई जेवू लागल्या. कोणी रांधून समोर ठेवलेले अन्न खायचे आणि त्यात आपला हात कुठेही नाही, असे या माणसाबरोबर कधी झाले नव्हते. मिठाचा पत्ता नव्हता.

"मीठ विसरलो," मोहनराव म्हणाले.

"बीपीला चांगलं." त्या एक घास खाऊन थांबल्या. "मी गुरुवारी येत जाईन. डबा आणणार नाही. जेवायला येईन. तुम्ही रांधायचं."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी. खालून चालत येईन, जेवेन, घंटेच्या आधी जाईन. बाकीचे सहा दिवस तुमचे."

मोहनरावांनी मान हलवली. मग नेहमीच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, "मोर्वांमध्ये ना, सातवी वाडी जी होती, तिथले लोक..." आणि ते स्वतःच थांबले, इथे शुभाताई विषय बदलतात हे त्यांना ठाऊक होते.

शुभाताईंनी रिकामी ताटली त्यांच्यापुढे धरली.

"आणखी थोडी वाढा," त्या म्हणाल्या. "आणि काय ते सांगा."